साहेबांच्या बाटलीतले जंतू

भिंगरी हे काही तिचं नाव नव्हे. वडिलांनी लहानपणी वैतागून लावलेलं विशेषण होतं ते. पुढे पदव्या आल्या, नवरा आला, सासूबाई आल्या, केसांत पांढरं आलं, पण विशेषण काही गेलं नाही. ती बसली की तिचा पाय हलायचा, पाय आवरला की बोटं वाजायची, आणि दोन्ही आवरलं तर ती उठून कुठली तरी धुतलेली वस्तू पुन्हा धुवायला घ्यायची. घरातल्या कपांवरची फुलं तिनं धुऊन धुऊन घालवली होती. नवरा पाहुण्यांना बजावायचा, "हिच्यासमोर फार वेळ उभं राहू नका. विसळून पालथं घालेल."

सध्याच्या चुळबुळीचं कारण मात्र वेगळं होतं. तिचं काम यशस्वी झालं होतं.

काम होतं हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, धुलाईघराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. हॉस्पिटलातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय नसतं? रुग्णांना दिलेली अँटिबायोटिक्स त्यांच्या पोटात थोडा मुक्काम करून, पुष्कळशी जशीच्या तशी, संडासावाटे बाहेर पडतात. त्याच पाण्यात जंतूही असतात. जंतू मरतील इतकं औषध त्या पाण्यात नसतं, पण त्यांचा सराव होईल इतकं जरूर असतं. म्हणजे हॉस्पिटलच्या गटारात जंतूंची शिकवणीच चालू होती. पास होणारे ओढ्यातून खालच्या वस्तीत जायचे. तिथे लोक त्या ओढ्यावर भाज्या पिकवायचे आणि पोरं त्यात होड्या सोडायची.

ही शिकवणी बंद पाडायची म्हणून शेडमध्ये पुरुषभर उंचीचं पोलादी नळकांडं उभं केलं होतं. आत लोखंडाचा लेप दिलेले तांबूस मणी. पाण्यात पेरॉक्साइड मिसळायचं आणि ते या मण्यांमधून वर चढवायचं. मणी स्वतः काही करत नाहीत, झिजत नाहीत, दमत नाहीत. ते पेरॉक्साइडला नुसते भरीस घालतात. भरीस पडलेलं पेरॉक्साइड मग समोर येईल त्याच्यावर तुटून पडतं, औषधाचा रेणू असो की जंतूचं कातडं. स्वतः नामानिराळं राहून दुसऱ्याला असं भरीस घालणाऱ्याला शास्त्रात उत्प्रेरक म्हणतात. कचेरीत त्याला बढती देतात.

अँटिबायोटिक्सचं मोजमाप भिंगरी स्वतःच्या यंत्रावर करायची. पाण्यातली औषधं जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि त्याबद्दल तिला शंका नव्हती. जंतूंसाठी नळकांड्याच्या बाहेरच्या नळाचं पाणी ती बाटलीत भरून द्यायची, आणि मोजमाप वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये व्हायचं. तिथून निकाल यायचा, शून्य. पुढच्या आठवड्यात पुन्हा शून्य. पाणी गढूळ असो, वॉर्ड भरलेले असोत, पंप खोकत असो, जंतू शून्य.

साहेब शून्यावर बेहद्द खूश होते. साहेब म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख. आयुष्यात एवढा स्वच्छ आकडा त्यांना प्रथमच मिळाला होता. त्यांनी शुक्रवारी उद्घाटन ठरवून टाकलं. आतापर्यंत शेडमधून बाहेर पडणारं पाणी खबरदारी म्हणून शहराच्या मोठ्या गटारात सोडलं जायचं, पुढे तिथे त्याची आणखी धुलाई व्हायची. शुक्रवारी पाहुण्यांच्या हस्ते दुसरी झडप उघडायची होती. मग पाणी थेट ओढ्यात, आणि पुढे त्याला विचारणारं कुणी नाही. झडप उघडण्याआधी साहेब त्यातलंच पेलाभर पाणी सगळ्यांसमोर पिणार होते.

"मॅडम," ते भिंगरीला म्हणाले, "तुमच्या शब्दावर पितोय हं मी."

तेव्हापासून भिंगरीचा पाय थांबला नव्हता. हॉस्पिटलच्या पाण्यात एकसुद्धा जंतू नाही? लग्नाच्या जेवणावळीत एकही तक्रार नसावी तसं वाटत होतं ते. कुठेतरी, कुणीतरी गप्प बसलेलं होतं.

"एखादा चुकार तरी निघायला हवा गं," ती लॅबमधल्या मैत्रिणीला म्हणाली. ही मैत्रीण काचेच्या चपट्या बश्यांमध्ये जंतू वाढवायची, म्हणून सगळे तिला प्लेटवाली म्हणायचे.

"लोक जंतू निघाले म्हणून रडतात, तू निघत नाहीत म्हणून रड," प्लेटवाली म्हणाली. "आणि तो स्टूल हलवू नकोस. माझी मोजणी चुकते."

"शून्य मोजताना कशी चुकते?"

"चुकते. तू जा इथून."

त्यातच सासूबाई आजारी पडल्या, आणि पडल्या त्या याच हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. साधं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या, गोळ्या लागू पडेनात म्हणून दुसऱ्या दिल्या, मग इंजेक्शनं. लघवीतले जंतू बशीवर वाढवून त्यांच्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवल्या. औषध लागू असेल तर चकतीभोवती जंतू मरून मोकळं वर्तुळ दिसतं. सासूबाईंच्या बशीत जंतू चकत्यांना खेटून वाढले होते. फक्त एका चकतीभोवती बारीकसं, मनात नसल्यासारखं वर्तुळ होतं. त्या औषधाची सलाईन चालू होती.

"काय गं, तुझं पाणी शुद्ध झालं म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "माझं कधी होणार?"

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडावर पदर घेऊन हसली. सासूबाईंना श्रोता मिळाला की ताप उतरायचा.

"आई, औषध चालू आहे ना. थोडा वेळ लागतो."

"वेळ माझ्याकडे भरपूर आहे. झोपायचंच तर आहे. तू मात्र ती चादर ओढणं थांबव. चारदा नीट केलीस. मी आत आहे अजून."

बुधवारी त्यांना सोनोग्राफीला न्यायचं होतं. भिंगरी सकाळपासून चाकांची खुर्ची ढकलत या दारातून त्या दारात फिरत होती. नेमका त्याच दिवशी फोटोग्राफर यायचा होता. प्रकल्पाच्या माहितीपत्रकात शास्त्रज्ञ नमुना घेताना हवा होता, आणि शास्त्रज्ञ सोनोग्राफीच्या रांगेत. मग साहेबांनीच पांढरा कोट चढवला. कोट भिंगरीचा होता, पाठीवर शिवण उसवली. त्यांनी नळाखाली बाटली धरली, चेहरा चिंतनशील केला, आणि फोटो झाला. बाटली भरलीच आहे तर वाया का घालवा म्हणून पंपकाकांनी ती वर लॅबमध्ये नेऊन दिली. पंपकाका म्हणजे शेडमधले पंप सांभाळणारे गृहस्थ. कुठलीही वस्तू वाया जाताना त्यांना बघवत नसे, अपवाद वेळेचा.

गुरुवारी सकाळी भिंगरी लॅबमध्ये गेली तेव्हा प्लेटवालीनं एक बशी पटकन वहीखाली सरकवली.

"काय लपवतेस?"

"काही नाही."

"माझा नवरा चिवडा लपवताना असाच चेहरा करतो."

प्लेटवालीनं दार लोटलं आणि बशी बाहेर काढली. बशीवर ठिपक्यांची नुसती जत्रा होती. पिवळट, चकचकीत, एकमेकांना धक्के देणारे ठिपके.

"कुठली ही?"

"साहेबांची."

"साहेबांना काय झालंय?"

"साहेबांना नाही गं, त्यांच्या बाटलीला! काल त्यांनी नमुना घेतला ना, त्यातली. हात लावला असेल झाकणाला आतून. किंवा शिंकले असतील फोटोसाठी. आता मी काय लिहू? साहेबांच्या हातचे जंतू? मी ठरवलंय, ही बशी पडली आणि फुटली."

भिंगरी ठिपक्यांकडे बघत राहिली. तिला आधी बरं वाटलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी जिवंत भेटलं होतं. मग तिनं ठिपके मोजायला घेतले आणि अर्ध्यावर सोडले.

"हाताला इतके जंतू असतात?"

"नसतात," प्लेटवाली बशी तिरपी धरत म्हणाली. "हातावरचे असे दिसतही नाहीत. हे गटारातले दिसतात. पण तू शून्य दिलंस ना इतके दिवस?"

"मी दिलं नाही. तू मोजलंस."

"तू भरून आणलंस ते मी मोजलं."

भिंगरीनं बशी पुन्हा तिच्यापुढे सरकवली. मग भिंगरी म्हणाली, "यांच्यावर चकत्या ठेव. उद्या सकाळपर्यंत कळेल ना?"

"उद्या उद्घाटन आहे."

"म्हणूनच."

जिना उतरताना तिनं दोन पायऱ्या गाळल्या आणि शेडमध्ये शिरताच पंपकाकांना विचारलं, "काका, काल साहेबांनी बाटली कशी भरली? सगळं सांगा. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे? कोट घातला. तो फाटला. मग तुमच्या नावानं काहीतरी म्हणाले."

"बाटली, काका."

"बाटली उघडली. नळाखाली धरली. फोटोवाला म्हणाला, हसू नका. बंद केली. मला दिली."

"विसळली नाही?"

"साहेब?" काकांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "साहेब आणि विसळणार?"

भिंगरीनं फळीवरून नवी बाटली घेतली. लॅबमधून निर्जंतुक होऊन आलेली, झाकणावर कागदी टोपडं. ती नळापाशी गेली, झाकण काढलं, आणि तिच्या हातानं नेहमीचं काम आपोआप सुरू केलं. थोडं पाणी घेतलं, गरगर फिरवलं, ओतून दिलं. कॉलेजात तिच्या सरांनी हे अंगवळणी पाडलं होतं. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, म्हणजे बाटलीत आधीचं काही राहत नाही. रसायनं मोजणाऱ्यानं हेच करायचं असतं. सर वारले, तरी तिचा हात इमानदारीनं तीनदा विसळत होता.

या वेळी तिनं ओतताना खाली बघितलं. पाण्याबरोबर तळातली चिमूटभर पांढरी भुकटी विरघळत, घसरत मोरीत गेली.

ती भुकटी तिनं पूर्वीही बघितली होती. दर वेळी तिला वाटायचं, लॅबमधली माणसं साबण नीट काढत नाहीत. दर वेळी ती मनातल्या मनात त्यांना नावं ठेवायची आणि जरा जास्तच जोरात विसळायची.

ती पुन्हा धापा टाकत वर गेली. "बाटलीत तळाशी काय घालतेस तू?"

"थायो," प्लेटवाली म्हणाली. "पेरॉक्साइडचा जोर मारायला. नाहीतर तुझ्या पाण्यातलं उरलेलं पेरॉक्साइड बाटलीतसुद्धा काम करत बसेल ना. नळापाशी जंतू जिवंत असले तरी माझ्याकडे पोचेपर्यंत सगळे मेलेले." तिचा आवाज शेवटच्या शब्दांवर हळू झाला. "तू... ती बाटली धूत नाहीस ना?"

भिंगरी स्टुलावर बसली. पाय हलला नाही.

"धुतेस!"

"विसळते."

"किती?"

"स्वच्छ होईपर्यंत."

प्लेटवालीनं कपाळाला हात लावला. जंतूंच्या बाटलीत भुकटी असते आणि ती बाटली कधीही विसळायची नसते, हे जंतूवाल्यांच्या जगात पोरासोरांना माहीत असतं. त्यामुळे ते सांगायचं असतं हे प्लेटवालीला सुचलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे भिंगरीला. इतके महिने जंतू मण्यांमधून सुखरूप बाहेर पडत होते, आणि लॅबच्या वाटेवर, बाटलीत कोंडून मारले जात होते. शेडमधून जाणारं बाकीचं सगळं पाणी मात्र कुणी बाटलीत भरत नव्हतं. त्यातले जंतू जिवंतच पुढे जात होते.

"कदाचित साहेबांनी झाकणाला हात लावलाच असेल," प्लेटवाली म्हणाली. मैत्रिणीला धीर द्यायचा म्हणून माणूस शास्त्रावरही खोटं बोलतो.

"दोन बाटल्या घेऊ," भिंगरी म्हणाली. "एकाच नळाच्या, एकामागून एक. एक माझ्या पद्धतीनं, एक साहेबांच्या."

दुसरी बाटली भरताना तिला घाम फुटला. हात शिवशिवत होता. थोडं पाणी, एकदाच गरगर, असं मनगट मागत होतं. शेवटी तिनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि बाटली तशीच भरली. पंपकाका कौतुकानं बघत होते.

"काका, माझ्याकडे काय बघता?"

"नाही, साहेब यापेक्षा सहज भरत होते."

बश्या उबवणीला गेल्या की सकाळपर्यंत करण्यासारखं काही नसतं, आणि करण्यासारखं काही नसणं हीच तर भिंगरीची दुखती नस. घरी तिनं फ्रीज पुसला, गॅसची शेगडी सुटी केली, नवऱ्याचे बूट धुतले. नवरा म्हणाला, "ते कातड्याचे आहेत." ती म्हणाली, "माहीत आहे." त्यानं बूट वाळत घातले आणि आणखी काही विचारलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

शुक्रवारी सकाळी प्लेटवाली तिच्या आधीच आलेली होती. टेबलावर तीन बश्या मांडून ठेवल्या होत्या. विसळलेल्या बाटलीची बशी कोरी करकरीत, शून्य. न विसळलेल्या बाटलीच्या बशीवर जत्रा. तिसऱ्या बशीवर साहेबांचे जंतू आणि त्यांच्यावर चकत्या. चकत्यांभोवती जंतू खेटून बसले होते. एका चकतीभोवती बारीकसं, मनात नसल्यासारखं वर्तुळ.

"ही बशी मी ओळखते," भिंगरी म्हणाली.

"तुझ्या सासूबाईंची अशीच होती. मी वाढवली होती ती." प्लेटवालीनं चष्मा पुसला. "साध्या जंतूंचे थोडे तरी मेले असतील तुझ्या मण्यांत. हे चिवट आहेत, घाणीच्या कणांत लपून बसतात. हेच नेमके उरलेत."

अकराला झडप उघडायची होती. बाहेर खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते. भिंगरी तिन्ही बश्या घेऊन साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब आरशासमोर रिकामा पेला उंचावून बघत होते.

"या मॅडम. कुठल्या हातात बरा दिसतो?"

तिनं बश्या टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. भुकटी, विसळणं, शून्य कुठून आलं ते. स्वतःला वाचवणारं एकही वाक्य तिला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तर तिनं ते विसळून टाकलं असतं.

साहेब बसले. "म्हणजे पाण्यात जंतू आहेत."

"हो. औषधं गेलीत, ते खरं आहे. पण जंतू जिवंत आहेत, आणि त्यातले सगळ्यात निब्बर. पाणी मण्यांमधून फार घाईनं जातंय. वेग कमी करून त्याला जास्त वेळ आत ठेवलं तर मरतील, पण ते आधी दाखवावं लागेल. थोडे आठवडे द्या. आज झडप उघडू नका."

"मॅडम, पाहुणे निघालेत. बँडवाले आलेत. शून्य तुम्हीच दिलं होतं."

"हो. चूक माझीच आहे. लेखी देते."

"लेखी घेऊन मी काय करू? पिऊ?" साहेबांनी पेल्याकडे बघितलं. "आणि हे... प्यालं तर?"

"प्यायला हरकत नाही. फक्त कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते सांगून ठेवा, म्हणजे ते देणार नाहीत. बाकीची देऊन उपयोग नाहीच."

साहेबांनी पेला टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला ठेवला. थोडा विचार केला. साहेब विचार करायला लागले की भिंगरीला आशा वाटायची. ही तिची जुनी खोड होती.

"असं करू," ते म्हणाले. "पेल्यात आपण दुकानातलं पाणी घालू. मी ते पितो. झडप उघडू. आणि सोमवारपासून तुम्ही तुमचा वेग कमी करा. कुणाला काय कळतंय?"

भिंगरीला वॉर्डातली खिडकीजवळची खाट दिसली, आणि ती बारीकशी, मनात नसल्यासारखी वर्तुळाची रेघ. सोमवारपर्यंत ओढा खालच्या वस्तीत पोचून, भाज्यांवरून फिरून, होड्या बुडवून आलेला असणार होता. ती खोलीत इकडून तिकडे गेली, परत आली. टेबलावरचा पेपरवेट उचलला, पदरानं पुसला, खाली ठेवला. आणि मग तिला एक गोष्ट सुचली. गोष्ट खरी होती, त्यामुळे तिला त्याची फारशी लाजही वाटली नाही.

"साहेब, सगळ्या प्रकल्पात परवापर्यंत बरोबर नमुना एकच घेतला गेला."

"कुणी घेतला?"

"तुम्ही."

साहेबांची मान वर आली.

"बुधवारी. मी महिनोन् महिने चुकले. तुम्ही एकदाच बाटली हातात घेतलीत आणि खरं काय ते निघालं." तिनं चकत्यांची बशी त्यांच्यासमोर सरकवली. "ही तुमची."

साहेबांनी बशी उजेडात धरली. त्यांचा चेहरा हळूहळू चिंतनशील झाला, फोटोतल्यासारखाच, पण या वेळी फोटोवाला नसताना.

"मला तेव्हाच काहीतरी जाणवलं होतं," ते म्हणाले.

"असणारच."

"एक प्रकारची शंका."

"म्हणून तर तुम्ही स्वतः नमुना घेतलात."

"अगदी बरोबर. म्हणूनच घेतला," साहेब म्हणाले, आणि त्या क्षणापासून ते त्यांना स्वतःलाही खरं वाटू लागलं. भिंगरीला मण्यांची आठवण झाली. ती स्वतः जागची हलली नव्हती.

समारंभ झाला. साहेबांनी बशी उंच धरून दाखवली, पहिल्या रांगेतल्या लोकांनी खुर्च्या मागे घेतल्या. साहेब म्हणाले की आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांतले ते नव्हेत. आपल्या काही सहकाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे मोठा अनर्थ होणार होता, पण त्यांनी स्वतः नळाखाली हात घातला. पाणी खरोखर शुद्ध होईपर्यंत झडप बंद राहील. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी न उघडलेल्या झडपेला हार घातला. बँडवाले आले होते, म्हणून बँड वाजला.

सगळ्यात मागे निष्काळजी सहकारी उभी होती. तिला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण झडपेचं चाक जागच्या जागी होतं, ते तिनं मान उंचावून दोनदा बघितलं.

दुपारी तिनं आणि पंपकाकांनी पंपाचा वेग खाली आणला. नळाची धार बारीक झाली, इतकी की काकांना ती बघवेना.

"यानं टाकी भरायला वर्ष लागेल."

"लागू दे."

"आणि तुम्ही तोवर अशाच फेऱ्या मारणार?"

"हो."

मग ती वॉर्डात गेली. ताप कालच्यापेक्षा जरा कमी होता, किंवा तापमापक कंटाळला होता. बातमी तिच्या आधीच वर पोचलेली होती.

"तुझ्यावर बोलले म्हणे भर सभेत," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई."

"आणि चूक?"

"माझीच होती. धुवायचं नव्हतं ते धुतलं."

सासूबाईंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "माझे कप तेवढे फुलांचे होते." आणि कूस बदलली. थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "ते पाणी सोडलं नाहीस ना पण?"

"नाही."

"मग बस जरा. उभी राहून सलाईन लवकर संपत नाही."

ती बसली. पाय हलायला लागला, तो तिनं हलू दिला.

संध्याकाळी घरी जाण्याआधी ती शेडमध्ये वळली. बारीक धारेखाली उभं राहून तिनं नव्या बाटलीचं टोपडं काढलं. तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी होती, हुबेहूब साबणासारखी. मनगट शिवशिवलं. तिनं डाव्या हातानं उजवा हात घट्ट धरला, आणि बाटली भरेपर्यंत सोडला नाही. धार बारीक असल्यामुळे बाटली भरायला फार म्हणजे फारच वेळ लागत होता.